आंबोलीच्या पावसात, चापड्याच्या मागावर

जुलैमध्ये आंबोलीत दोन रात्री काढल्या त्या केवळ मलबार चापडा बघायला. हा साप सह्याद्री सोडून जगात कुठेच आढळत नाही. तो निशाचर, आणि दिसायची खरी संधी पावसाळ्यात ओढ्याकाठच्या झुडपांवर. त्यामुळे चिंब भिजायची आणि जळवांना रक्त द्यायची तयारी ठेवूनच निघावं.

पहिल्या रात्री वाटाड्याने बॅटरीचा झोत एका फांदीवर धरला आणि म्हणाला, "समोरच आहे, बघा." मला बराच वेळ फक्त शेवाळ दिसत होतं. मग त्यातूनच त्रिकोणी डोकं उमटलं. शेपटीचा वेढा फांदीला, तोंड ओढ्याकडे. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधली खाच स्पष्ट दिसली. भक्ष्याच्या अंगची ऊब याच खाचेमुळे त्याला अंधारात कळते. डोक्यावरून ओघळलेला थेंब तोंडाच्या टोकाशी लोंबकळत राहिला, टपकला, पुन्हा नवा साठला. साप तसूभरही हलला नाही. बेडूक, पाल, उंदीर टप्प्यात येईपर्यंत तो असाच दबा धरून बसतो. दुसऱ्या रात्री गेलो तर त्याच फांदीवर, फक्त तोंड दुसरीकडे. थोड्या अंतरावर आणखी एक दिसला, तो चक्क पिवळा. हिरवा, पिवळा, तपकिरी, नारिंगी असे सगळे रंग या एकाच जातीत असतात, तेव्हा रंगावरून ओळखायला जाऊ नका.

जाणाऱ्यांनी धास्ती घ्यावी ती या निश्चलपणाची. नाग फणा काढतो, घोणस फुत्कारते. चापडा बहुतेक वेळा गप्प बसून राहतो. निसरड्या वाटेवर तोल गेला की आपला हात आपसूक फांदी धरायला जातो, आणि घात होतो तो तिथेच. हातात काठी असू द्या. पायात गमबूट, प्रत्येकाकडे स्वतःची बॅटरी आणि एक जादा. जळू काढायला टेकायचं असेल तर आधी दगडावर, मग दगडामागे उजेड टाका. राखीव जंगलात रात्री परस्पर शिरू नका. वनखात्याकडे विचारा आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्या.

विषाबद्दल नीट समजून घ्या. चापड्याचा दंश सहसा जिवावर बेतत नाही, पण वेदना आणि सूज भयंकर असते, रक्त गोठण्याची क्रियाही बिघडू शकते. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनतं. चापड्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून डॉक्टरांच्या नजरेखाली राहणं, रक्त आणि मूत्रपिंडं तपासत राहणं हाच उपचाराचा गाभा. अंगठी, घड्याळ लगेच काढा, दंश झालेला हात-पाय हलू देऊ नका. आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही नको. साप पकडून दवाखान्यात नेण्याच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

फोटोसाठी काठीने साप हलवणारी माणसं मी तिथे पाहिली आणि मनापासून वाईट वाटलं. त्याची शिकारीची जागाच आपण मोडतो. दोन मीटर लांब थांबा, मोठी लेन्स वापरा, चार-सहा फोटो झाले की उजेड बाजूला घ्या.

मुक्कामाला पोचल्यावर आधी दवाखान्याची चौकशी करून ठेवा. उपजिल्हा रुग्णालय सावंतवाडीला, साधारण ३० किलोमीटर, वाटेत घाट. रात्री धुकं इतकं उतरतं की पुढची गाडी दिसत नाही, त्यामुळे वाहन आणि घाट माहीत असलेला चालक रात्रभर हाताशी हवा.