फियाटच्या कलरला एवढे पैसे काहून? तुम्ही विचारलंत म्हणून

एकदाचं सांगूनच टाकतो. दर्यापूरच्या स्टँडवर गाडी उभी केली की कोणी ना कोणी येतंच, बोनेटवरून हात फिरवतं, मस्त आहे म्हणतं आणि मग विचारतं, "भाऊ, कलरले किती लागले?" मी म्हणतो सव्वा लाखाच्या वर गेले आणि अजून संपलं नाही. मग पुढचं ठरलेलंच. "बाप्पा! एवढ्यात तं जुनी अल्टो येते ना!" येते. मला माहीत आहे येते, भावाकडे आहेच एक.

तर पहिली गोष्ट. त्या पैशात रंगाचा डबा म्हणाल तर चौथा हिस्साही नाही. बाकी सगळी मजुरी, पत्रा, वेल्डिंग, प्रायमर, पुट्टी, पॉलिश पेपर, थिनर. आमची फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, तिला खाली वेगळी चेसिस, म्हणजे सांगाडा नसतो, बॉडीचा पत्राच सगळा भार घेतो. आमची १९७८ ची आहे, दाराखालच्या पट्ट्या आतून सडल्या होत्या आणि वरून रंग चांगला दिसत होता. पेंटरने जॅक लावला तर जॅक पत्र्यात घुसला अन् गाडी जागची हलली नाही. आता यावर नुसता कलर मारून द्या म्हणणाऱ्याला मी काय सांगू?

जीएसटीने महाग झालं असंही कोणी म्हणतं. पेंटवर २०१७ मध्ये २८ टक्के लागला होता, २०१८ च्या जुलैत तो १८ झाला. म्हणजे टॅक्स उतरला आणि बिल चढलं. थिनर, रेझिन, रंग कडक करणारा हार्डनर, सगळं क्रूडच्या (कच्च्या तेलाच्या) पोटातून येतं हे एक. आणि दुसरं, जास्त मोठं, की हाताने पत्रा खरवडून ठोकून सरळ करणारा माणूस राहिला नाही. आजकाल चेपलेलं पॅनल काढून नवीन लावतात, संध्याकाळी गाडी घरी. पद्मिनीचं नवीन पॅनल कुठून आणता? ही गाडी बनणं केव्हाच बंद झालं. मुंबईत पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी होती तोवर भंगारातून दार, फेंडर काहीतरी मिळायचं, २०२३ च्या ऑक्टोबरला शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून कबाडीवाला एका फेंडरचे मागेल तेवढे द्यावे लागतात.

पण खरं कारण हे नाहीच. खरं कारण २०११ चं आहे.

तेव्हा एका गॅरेजात, नाव नको, वीस हजारात कलर करून घेतला होता. दिवाळीला गाडी घरी आली, गल्लीतली पोरं गोळा झाली, बाबा धोतर सावरत दोनदा चक्कर मारून आले. पुढच्या पावसाळ्यात बोनेटवर बारीक फोड दिसायला लागले, ज्वारीच्या दाण्याएवढे. आधी बोनेटवर, मग छतावर, मग दारांच्या खालच्या बाजूने पट्टाच. मी गॅरेजवाल्याकडे गेलो तर म्हणे उन्हात ठेवली असेल. मग अमरावतीहून एक म्हातारे पेंटर पाहायला आले. काही बोलले नाहीत. एक मोठा फोड पाहिला, नखाने फोडला, आतून पाण्याचा थेंब आला. तो थेंब त्यांनी बोटावर घेतला आणि जिभेला लावला. "खारं हाय. घासाई बोअरच्या पाण्यानं केली न?"

आपला पट्टा खारपाणाचा, जमिनीतलं पाणीच खारं. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पण ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती आणि गॅरेजवाल्याच्याही नसेल. पुट्टी आणि प्रायमर ओले करून घासतात, तेच पाणी वापरलं, पाणी वाळलं, मीठ राहिलं आणि त्यावर रंग बसला. मग पावसाळ्यात ते मीठ रंगाच्या थरातून ओलावा आत खेचतं, थर उचलला जातो, खाली पत्रा गंजत राहतो. वरून काहीही करा, आतलं चालूच. मी त्या दिवशी सगळं बोनेट नखाने उकरून पाहिलं, प्रत्येक फोडाखाली लाल ठिपका. बाबा मागे उभे होते. मला वाटलं चिडतील, नाही तर हळहळतील. ते म्हणाले, "इकून टाक. मले गाडी लागत होती, कलर नाही."

हे वाक्य मला आजपर्यंत खोडता आलं नाही. गाडी त्यांची. त्यांनी तिच्यात सरकीची पोती वाहिली, आजारी माणसं अकोल्याला नेली, रंगाकडे कधी पाहिलंही नाही. मग मी हे कोणासाठी करतो? बाबांसाठी करतो असं लोकांना सांगत होतो बरीच वर्षं, ते खरं नाही. या पट्ट्यात खारं पाणी सगळंच खातं, पंप खातं, पाइप खातं, भिंतीचं प्लास्टर खातं, जमीन तर खाल्लीच आहे. एक वस्तू तरी त्याच्या तावडीतून सोडवून दाखवायची आहे मला. बस, हेच आहे.

म्हणून यावेळी पेंटरने जे सांगितलं ते सगळं ऐकलं. रंग पार पत्र्यापर्यंत काढला. घासाईला गोड्या पाण्याचे कॅन विकत आणले, ते पाहून लोक हसले. काम दिवाळीनंतरच, कारण मे महिन्यात ४५ डिग्रीला फवारा पत्र्यावर पोचायच्या आधीच वाळतो आणि पावसाळ्यात हवा ओली. जिनिंगची रुई उडून येते म्हणून शेडला चारी बाजूंनी प्लास्टिक. हार्डनर एकदा मिसळला की काही तासांत रंग कामातून जातो, लाइट गेली तर सगळा भरलेला डबा वाया, म्हणून भाड्याचं जनरेटर. आणि मास्क, चांगला, हवा देणारा, कारण हार्डनरमधलं आयसोसायनेट नावाचं रसायन छातीत जातं. पेंटरबाबा आयुष्यभर तोंडाला रुमाल बांधून फवारत आले, चार पावलं चालले की थांबतात. मास्कचे पैसे बिलात लावले म्हणून मी भाव करायचा का?

भावाचं म्हणणं वेगळं आणि तेही चुकीचं नाही. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ होता आणि आम्ही त्याच्या खालीच विकलं, त्याच हंगामात मी पत्र्याचा ॲडव्हान्स दिला. वर वीस वर्षांपुढच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पुढे चालू ठेवायची फी आता दहा हजार. तो म्हणतो, दादा, हिशोब लाव. मी लावला, तो जमत नाही. तरी डिकीचं झाकण राहिलंय. ते एपॉक्सी प्रायमरवर आहे, आणि हा प्रायमर उन्हात उघडा ठेवायचा नसतो, म्हणून चादर टाकून ठेवलंय आणि पेंटरबाबांचा फोन सुरूच आहे. कापूस अजून घरात आहे. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ चा हमीभाव ८११०, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर भरला की सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी महामंडळ, घेत नाही. घेतला तर डिकी होईल. नाही घेतला तर व्यापारी काय देतो त्यावर आहे, आणि भावाला तेव्हा काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.