‘तिथे रशियनच बोलतात ना?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी लग्नकार्यात कुणी ‘अल्माटीला एमबीबीएस? म्हणजे रशियनच बोलत असतील’ म्हटलं, की मी ‘हो’ म्हणून ताट घेऊन पुढे सरकतो.

रशियनवर भागतं तिथे, कझाखस्तानात. माझंही सहा वर्षं भागलं. कझाख शिकायला वेळ नव्हता, असं सांगायचो. वेळ होता.

चौथ्या वर्षी वॉर्डात एका आजींची हिस्टरी घ्यायची होती. चीनमधल्या इली भागातून नातीकडे राहायला आलेल्या. मी रशियन फॉर्म पुढे केला, त्यांनी एक नजर टाकून परत दिला. मी कागदावर लिहिलं : निरक्षर. नातीने ते वाचलं. माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि आजींना दिलं. उजवीकडून डावीकडे, भराभर चार ओळी. मला उर्दूच वाटलं. ‘आजी शाळेत शिकवायची,’ नात म्हणाली. ‘ही बायतुर्सिनुलींची लिपी. त्यांच्याच रस्त्याने येता ना रोज?’

येत होतो. पाटी वाचूनच बसमधून उतरायचो.

मग शोधलं. अख्मेत बायतुर्सिनुली, शाळामास्तर आणि कवी. ते तेरा वर्षांचे असताना, १८८५ मध्ये, रशियन अधिकाऱ्यावर हात उचलला म्हणून वडिलांना सायबेरियात धाडलं. १९११ च्या कवितासंग्रहाचं नाव ‘मासा’. आपला मासा नव्हे, डास. झोपलेल्यांच्या कानाशी गुणगुणणारा. १९१२ च्या सुमारास त्यांनी अरबी लिपी कझाख उच्चारांना बेतून घेतली, ‘नाम’, ‘क्रियापद’ अशा व्याकरणातल्या संज्ञांना कझाख शब्द घडवले. १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारकडून अटक, पुढे अर्खांगेल्स्कला हद्दपारी. लिपीही त्याच सुमारास लॅटिन झाली, १९४० मध्ये सिरिलिक, म्हणजे रशियन अक्षरांची. हे पाहायला बायतुर्सिनुली नव्हते. ८ डिसेंबर १९३७ ला गोळी घातली. निर्दोष ठरवलं १९८८ मध्ये. लिपी सीमेपलीकडे, चीनमधल्या कझाखांकडे टिकली.

‘मग १९१९ मध्ये बोल्शेविकांकडे, याच सोव्हिएतवाल्यांकडे, गेलेच कशाला? त्यांचं शिक्षणखातंही सांभाळलं की!’ हे मी नातीला ऐकवलं होतं, मोठ्या शहाण्यासारखं. तेव्हा मला तो भोळेपणा वाटला. आता भोळेपणा म्हणवत नाही, पण शहाणपण म्हणायलाही जीभ रेटत नाही.

आणि तुमच्या घरी मोडी लिपीतले जुने कागद असतील, ते तुम्हाला वाचता येतात? मला पणजोबांचे येत नाहीत.

त्या दिवशी ‘निरक्षर’ मी खोडलं. त्याजागी काय लिहायचं ते सुचेना. नुसतंच खोडलं.