फांदी आडवी बांधा

आमच्या घराचा फोटो पाठवला की निफाडहून एकच प्रश्न येतो, "एवढा गुलाब भिंतीवर आपोआप चढतो का गं?" पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटलं होतं.

फ्रान्समध्ये तूर शहराबाहेर आम्ही राहतो ते लांबलचक बैठं शेतघर. अशा घराला इथे 'लाँजेर' म्हणतात. पूर्वी माणसं, गोठा आणि कोठार एकाच छपराखाली असायचं. भिंती तुफो नावाच्या पांढऱ्या, मऊ चुनखडीच्या. दारावर 'आल्बर्टिन' : ऑर्लेआंच्या बार्बिए रोपवाटिकेने १९२१ साली आणलेला वेली गुलाब. कळी तांबूस, फूल फिकट गुलाबी, काटे मात्र बोरीसारखे आकडेबाज.

आम्ही आलो तेव्हा तो वाळक्या जळणासारखा लोंबत होता. हिवाळा सरताना गुलाब छाटतात एवढं ऐकून होते, म्हणून फेब्रुवारीत कात्री घेतली आणि गुडघ्याएवढा करून टाकला. जूनमध्ये गावभर गुलाब, आमच्याकडे नुसता पाला!

शेजारच्या मादाम ऐंशीच्या पुढच्या. कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "हा वर्षातून एकदाच फुलतो, तोही गेल्या वर्षीच्या फांदीवर. तीच तुम्ही कापलीत. याची छाटणी फुलं सरल्यावर." मी द्राक्षबागायतदाराची मुलगी! एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तयार होणाऱ्या काडीतच पुढचे घड असतात, हे ऐकतच वाढले. बाबा फोनवर कितीतरी वेळ हसत होते.

नव्या फांद्या आल्या तशा मादामनी त्या भिंतीवरच्या तारांना आडव्या बांधायला लावल्या. फांदी सरळ वर गेली की शेंड्याचा डोळा, म्हणजे कोंब, खालच्यांना फुटू देत नाही, फुलं सगळी छपराशी. आडवी केली की डोळ्याडोळ्यातून फुटवा निघतो. म्हणजे द्राक्षवेलीची तारेवर आडवी धरलेली फांदी, आपला ओलांडाच की! लांबून रानटी, मनमौजी वाटणारी ती भिंत सुतळीच्या गाठींवर उभी असते.

इथून जवळच्या शेदिन्यी गावात तर घराघरावर गुलाब आहेत. २०१३ साली अख्ख्या गावाला 'उल्लेखनीय उद्यान' हा सरकारी दर्जा मिळाला. सुंदर आहे, पण मला जरा नटवल्यासारखं वाटतं. एखाद्या पडक्या गोठ्यावरचा एकटा गुलाब जास्त आवडतो.

गेल्या नोव्हेंबरात उत्तरेच्या भिंतीला 'मादाम आल्फ्रेद कारिएर' नावाचा गुलाब लावला. ल्यों शहरातला, १८७९ सालचा, पांढरा, कमी उन्हातही फुलणारा. २५ नोव्हेंबरला, सेंट कॅथरीनच्या दिवशी, कुठलंही लाकूड मूळ धरतं अशी इथली म्हण आहे. भिंतीलगत पाऊस पोचत नाही, म्हणून खड्डा भिंतीपासून दीडेक फूट दूर. मातीविना आलेली मुळं आधी माती, शेण आणि पावसाचं पाणी कालवून त्यात बुडवायची. मी कोपरापर्यंत हात घातले. आई व्हिडिओवर बघत होती. "फ्रान्सला जाऊन शेणकालाच का?"

रोप छपराला टेकायला तीनेक वर्षं लागतील, असं मादाम म्हणतात. आमचा भाडेकरार त्याआधीच संपतो. पुढच्या भाडेकरूसाठी दारामागे चिठ्ठी चिकटवून जाणार आहे : फेब्रुवारीत आल्बर्टिनला हात लावू नये.