शून्याची रेघ

एका चार्जमध्ये गाडी जाईल ते अंतर, म्हणजे रेंज, 240 वरून 260 किलोमीटर झाली, तेव्हा सगळ्यांत आधी मी खूश झालो. इलेक्ट्रिक गाडीचं सिम्युलेशन मॉडेल होतं, सिम्युलिंक या ब्लॉक जोडून मॉडेल बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधलेलं, आणि नव्या कूलिंगचा व्हेरियंट, म्हणजे त्याच मॉडेलचा वेगळा पर्याय, पहिल्यांदाच चालवला होता. एकही एरर नाही, एकही वॉर्निंग नाही. आठ टक्के फायदा. रिपोर्टमध्ये टाकायला ग्राफही काढून ठेवला.

रात्री मात्र चैन पडेना. कूलिंग सुधारलं तर बॅटरीतला तोटा थोडा कमी होतो हे खरं, पण आठ टक्के? दुसऱ्या दिवशी ऊर्जेचा हिशेब मांडला. बॅटरीतून किती गेली, चाकांवर किती पोचली, मोटारमध्ये किती, इन्व्हर्टरमध्ये किती. जमाखर्च चोख जुळला. मी तिथेच थांबलो असतो तर चूक तशीच पुढे गेली असती, कारण बेरीज खरोखरच बरोबर होती. पण ओळीनं वाचताना ‘पंप आणि पंखा’ या रकान्यात आकडा होता 0.000. साडेसहा तासांची फेरी आणि पंपानं एक वॅटही घेतला नाही! एरवी दोन्ही मिळून साधारण 500 वॅट खातात. म्हणजे सव्वातीन किलोवॅट-तास हिशेबातून गायब होते, आणि ते वीस किलोमीटर तिथूनच आले होते.

कूलिंगचा ब्लॉक उघडला. आत दोन पर्याय, एक हवेचा, एक द्रवाचा, आणि दोन्ही करडे. एकही चालू नाही. कूलिंगच्या व्हेरिएबलचा अंक 1 असेल तर पहिला, 2 असेल तर दुसरा, अशी अट होती. नव्या कॉन्फिगरेशनमध्ये तो अंक 3 होता. पॅरामीटर फाइलमध्ये 3 आला, पण मॉडेलमध्ये त्याचा पर्याय कुणी जोडलाच नव्हता. अशा वेळी मॉडेलनं खरं तर अडून बसायला हवं. ते अडलं नाही, कारण काही महिन्यांपूर्वी ‘एकही पर्याय सक्रिय नसला तरी चालेल’ ही खूण मीच करून ठेवली होती. तेव्हा एका छोट्या गाडीला कूलिंगच नव्हतं, म्हणून. मग ब्लॉक गुपचूप बाजूला झाला आणि त्याच्या तारांवर शून्य वाहू लागलं. त्यातली एक तार तापमानवाढीची होती. वाढ शून्य म्हणजे बॅटरी कायम आदर्श तापमानात. ग्राफवर ती रेघ जमिनीला चिकटलेली होती, आणि आदल्या दिवशी मी ती पाहूनही पुढे गेलो होतो.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. खूण काढली, ‘कूलिंग नाही’ असा रिकामा पर्याय बनवून त्याला 0 अंक दिला, 3 साठी खरा ब्लॉक जोडला. एका सहकाऱ्यानं सुचवलं की एक पर्याय डीफॉल्ट ठेव, म्हणजे कटकट मिटेल. मला ते अजिबात पटलं नाही. डीफॉल्ट ठेवला की उद्या 4 अंक आल्यावर मॉडेल मुकाट्यानं जुनंच कूलिंग वापरेल, आणि तेव्हा शून्याची रेघसुद्धा दिसणार नाही.

आता बाकीच्या व्हेरियंटवरचा विश्वासही उडाला होता. बॅटऱ्या 3, मोटारी 2, कंट्रोलर 3, कूलिंग 4, रीजनरेटिव्ह ब्रेकिंग (ब्रेक लावताना ऊर्जा परत बॅटरीत घेणं) असणं-नसणं 2. गुणाकार 144. एका रनला चार मिनिटं धरली तरी साडेनऊ तास. म्हणून दोन पातळ्या केल्या. पूर्ण रन न करता सगळ्या 144 जोडण्या फक्त अपडेट करून, म्हणजे मॉडेल नीट जुळतंय का एवढंच तपासून पाहायच्या. न जुळणारे डेटाटाइप (आकड्यांचे प्रकार), सुटलेल्या तारा, न बसणाऱ्या अटी इथेच सापडतात. पूर्ण रन फक्त पंधरा निवडक जोडण्यांचे, असे की कुठल्याही दोन भागांची प्रत्येक जोडी एकदा तरी एकत्र येईल. आमचे बरेचसे घोटाळे दोन भागांच्या सांध्यातच असतात.

त्या पंधरांत मोटारचा घोळ निघाला. कार्यक्षमतेचं टेबल जुन्या मोटारचं, 9000 आरपीएमपर्यंतचं (मिनिटाला फेरे). नवी मोटार 12000 पर्यंत जाते. टेबलाच्या पलीकडे ब्लॉक सरळ रेघ पुढे ओढत होता आणि एका ठिकाणी कार्यक्षमता निघाली 1.02, म्हणजे मोटार घेते त्याहून जास्त देते! मर्यादेबाहेरच्या इनपुटची सूचना मूळ सेटिंगमध्येच बंद असते. सगळ्या टेबलांवर ती चालू करून एररवर ठेवली. 4 जून 1996 ला एरियान 5 रॉकेट उड्डाणानंतर जेमतेम चाळीस सेकंदांत नष्ट झालं, त्याचं मूळही याच जातीचं होतं. एरियान 4 मधून घेतलेला प्रोग्रॅम, नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, आणि त्याच्याशी निगडित 64 बिटांची संख्या 16 बिटांत मावली नाही. जुन्या व्हेरियंटला शोभणारी मर्यादा नव्यातही तशीच राहिली होती.

शेवटचा धक्का सहकाऱ्याच्या मशीनवर बसला. माझ्याकडे चालणारं कॉन्फिगरेशन तिथे ‘व्हेरिएबल सापडत नाही’ म्हणून थांबलं. माझ्या वर्कस्पेसमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या मेमरीत, सकाळच्या रनचं जुनं व्हेरिएबल पडून होतं, मॉडेल तेच वाचत होतं. आता सगळे पॅरामीटर डेटा डिक्शनरीत, म्हणजे मॉडेलला जोडलेल्या फाइलमध्ये आहेत, आणि रात्रीचा प्रत्येक रन वर्कस्पेस रिकामा करूनच सुरू होतो. सकाळी रिपोर्ट उघडला की आधी रेंज बघत नाही. ज्या रकान्यात आकडा अगदी नेमका शून्य आहे, ते रकाने शोधतो.