तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रॉड्रिक लीड्स सोडून का गेला?

आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा इंग्लंडमधल्या लीड्सच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर मला हेच विचारतो: एवढं बांधणारा आर्किटेक्ट कथबर्ट ब्रॉड्रिक पन्नाशीच्या आतच फ्रान्सला का गेला? मी तोंड उघडायच्या आत उत्तरही त्याचंच, ‘म्हणजे पळालाच की!’ तो शब्द मला लागतो.

या टाउन हॉलच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली तेव्हा त्यानं नुकतीच तिशी ओलांडली होती. बांधकाम चालू असताना कंत्राटदाराचं दिवाळं निघालं, खर्च कुठल्या कुठे गेला, तरी 1858 मध्ये उद्घाटनाला खुद्द राणी व्हिक्टोरिया आली. पुढे धान्यबाजाराची ती लंबगोल इमारत, हेडिंग्लीचं चर्च, 1867 मध्ये स्कारबरोचं ग्रँड हॉटेल. लंडनच्या मोठ्या स्पर्धांत मात्र यश आलं नाही.

पूर्वी मी ठणकावून सांगायचे, शहराला त्याची कदर नव्हती. आता तसं म्हणवत नाही. इतकी कामं याच शहरानं तर दिली.

माझं मत हललं ते हलमध्ये. हल त्याचं जन्मगाव. 1860च्या दशकात तिथला टाउन हॉलही त्यानंच बांधला. तो 1905 मध्ये जर्सी बेटावर वारला आणि काही वर्षांतच ती इमारत पाडली. वरचा छोटा घुमट तेवढा पिअरसन पार्कात आणून ठेवलाय. आकाशात असायची वस्तू झाडांमध्ये, जमिनीवर. मी जवळ जाऊन दगडाला हात लावला. लांबून, खालून दिसावं म्हणून घडवलेलं काम हाताखाली फार मोठं, फार उघडं वाटत होतं. त्याच्या आदल्याच महिन्यात मी काढलेली पहिली इमारत, गावाकडच्या एका शाळेचं सभागृह, पाडल्याचा फोटो भावानं पाठवला होता. आर्किटेक्टचं काम मी केव्हाच सोडलंय, तेव्हा आपल्याला काही वाटायचं कारण नाही असं मी घरच्यांना सांगितलं होतं. तिथं गवतावर बसून मी खूप रडले.

मग वाटलं, बरं केलंन गेला. पॅरिसजवळ चित्रं काढली, बाग केली. पण मीच मला विचारते: ज्यानं धान्यबाजाराचा तो घुमट पेलून धरला, त्याला बाग पुरली असेल? आणि नसेल पुरली, तर तो दुसऱ्यांदा का उभा राहिला नाही?

परवा एका पाहुण्याला म्हटलं, कामं आटली म्हणून गेला. घरी पोचेपर्यंत तेही मला पटेनासं झालं.