आमची वाटचाल : पाळी, पाक आणि पट्टी

कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन 2014 मध्ये मिळालं, पण या धंद्याची घडी त्याच्या कितीतरी आधी शेतीच्या रिवाजांनी बसवली. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाला हक्काचा बाजार मिळाला. आमचं गुऱ्हाळ आजही त्याच वहिवाटीवर चालतं. दसऱ्यानंतर चुलवाण, म्हणजे रस उकळायची मोठी चूल, पेटतं, दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात आणि कुणाचा ऊस कधी गाळायचा ती पाळी सगळ्यांनी बसून ठरवलेली असते.

पाळीला आम्ही फार जपतो. तोडलेला ऊस 12 तासांच्या आत घाण्याला लागला पाहिजे. शिळ्या उसातली साखर फुटते, मग गूळ बांधून येत नाही, चिकट राहतो. म्हणून ज्याची पाळी त्याच्याच रानात तोड, आणि सावडीनं, म्हणजे एकमेकांच्या कामाची परतफेड करत, शेजारपाजारचे हात मदतीला.

काहिलीत, म्हणजे मोठ्या उथळ कढईत, रस तापू लागला की ठेचलेल्या भेंडीचं पाणी सोडायचं. रसातली घाण, म्हणजे मळी, वर धरते. ती खळखळून उकळी फुटण्याआधीच काढावी लागते, नाहीतर रसात परत मिसळते आणि गूळ काळपट पडतो. चुन्याची निवळी बेतानंच. जास्त झाली तरी रंग जातो. पाक 118 अंश सेल्सिअसच्या आसपास आला की गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, थोडा पाक गार पाण्यात टाकून गोळी वळतो. गोळी आपटल्यावर टणकन वाजली की काहील उतरवायची. थर्मामीटर आहे, तरी शेवटचा शब्द गुळव्याचा. खारवट जमिनीतल्या किंवा उशिरा युरिया दिलेल्या उसाचा पाक त्याच आकड्याला वेगळा वागतो.

टनभर उसाला 100 ते 120 किलो गूळ पडतो. पिवळाधमक रंग मागणारे व्यापारी बरेच, पण त्यासाठी हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारी गंधकयुक्त पावडर, घालणं आम्हाला मान्य नाही. असा गूळ साठवणीत पुन्हा काळवंडतोच, वर गंधकाचा अंश खाणाऱ्याच्या पोटात जातो. आमचा तपकिरी गूळ आम्ही एक किलोच्या ढेपेत विकतो.

आडसाली ऊस 16 ते 18 महिने रानात उभा असतो. तोवर खताला, भांगलणीला पैसा लागतो, म्हणून शेतकऱ्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायची आणि पट्टीतून, म्हणजे विक्रीनंतरच्या हिशेबातून, वळती करायची, ही जुनी रीत आम्ही सोडलेली नाही. उचलीची नोंद दोघांच्या वहीत होते. दर मात्र उचल देताना बांधून घेत नाही. तो सौद्याच्या दिवशीचा.