सोडायचं बघ

दसरा नुकताच होऊन गेला होता. अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या आरोग्य उपकेंद्रासमोर ऊसतोडीला निघालेला ट्रक उभा होता. भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, सगळं चढवून झालेलं. तेवढ्यात चौघांनी एका बाईला उचलून माझ्यापुढं आणलं. मागून म्हातारी सासू ओरडत होती, "वारं गेलं वो अंगावरनं!"

बाई पंचविशीची. नुसती धापा टाकत होती. ओठांना मुंग्या, पंजे मनगटातून वाकलेले, बोटं चोचीसारखी जुळलेली. "ताई, हवाच पुरंना."

ऑक्सिजन ९९. नाडी १२४. साखर ठीक, तोंड सरळ, छातीत कळ नाही, हातापायांत सारखी ताकद. डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं.

हवा कमी नव्हतीच. घाबरून ती मिनिटाला तीस-पस्तीस श्वास घेत होती. असं भराभर चाललं की रक्तातला कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) उतरतो, त्यापायी रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी पडतं आणि बोटं आखडतात. लोक अशा वेळी "मोठा श्वास घे" म्हणतात. नेमकं तेच करायचं नसतं. सोडलेलीच हवा परत घ्यावी म्हणून तोंडाला कागदी पिशवी लावतात, तीही लावू नये. दुखणं हृदयाचं निघालं तर घात होतो.

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. तिचा हात तिच्याच पोटावर ठेवला. "घ्यायचं बघू नको. सोडायचं बघ. गरम चहावर फुंकर घालतीस ना, तशी." दात घट्ट आवळलेले होते. "जबडा सैल सोड, ओठाचे कोपरे जरा वर ने." घेताना चार, सोडताना सहा, असं मी मोजत राहिले. पाच मिनिटं गेली तरी काही होईना. मला घाम फुटला.

तिची सहा वर्षांची लेक दाराची चौकट धरून उभी होती. ती जवळ आली आणि गाल फुगवून आमच्यासारखंच फू करायला लागली. फुंकताना थुंकी आईच्या गालावर उडाली, आणि आई हसली.

फ्रेंच डॉक्टर ड्यूशेन यांनी १८६२ मध्येच लिहून ठेवलंय, ओठ ठरवून हसवता येतात, डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र मनातलं हसू मागतो. तिचे डोळे बारीक झालेले मी पाहिले. मी शिकवलेलं हसू ते नव्हतंच. थोड्या वेळानं अंगठा सुटला, मग एकेक बोट. नाडी ९२ वर आली.

मग ती बोलली. "उचल घेतलीय, जावंच लागतंय. पोरगी पहिल्यांदाच मागं राहती."

फुंकरीनं उचल फिटत नाही, हे मला चांगलं कळतं. मुकादमाला ट्रक थांबवायला लावला आणि ईसीजीसाठी तिला अंबाजोगाईला पाठवलं. तो ठीक आला. संध्याकाळी ट्रक हलायच्या आधी तिला एवढंच सांगितलं, रात्री झोपताना दहा फुंकरा.

पोरगी माझा पदर ओढत होती. "मी हितनं फू केलं तर आईला फोनात ऐकू येतंय का?"

म्हातारीच्या फोनवर मी तिच्या आईचा नंबर लावून दिला.